अर्ज गेला, पदक नंतर आले: एनडीएच्या उमेदवारांनी काय करावे?

"सर, एनडीएचा फॉर्म जूनमध्येच भरला. आता आमचा कबड्डीचा संघ जिल्ह्यात दुसरा आला. हे कुठं टाकायचं?"

पावसाळा सरत आला की हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा कधी चिखलीचा असतो, कधी मेहकरचा, कधी देऊळगाव राजाचा. कुणाला पदक मिळालेले असते, कुणाचा एनसीसीचा कॅम्प झालेला असतो, कुणी वक्तृत्वात ढाल जिंकलेली असते. आवाजात आनंद असतो आणि धास्तीही असते. अर्ज तर जाऊन बसला, आता ही कमाई वाया जाणार का?

आधी उत्तर सांगतो. वाया काहीच जात नाही. यूपीएससीच्या अर्जात या गोष्टी टाकायच्याच नसतात. त्यांची जागा पुढे, एसएसबीच्या, म्हणजे सेनादलांच्या निवड बोर्डाच्या, मुलाखतीला भरायच्या पीआयक्यू फॉर्ममध्ये आहे. तोपर्यंत त्या तुमच्या स्वतःच्या वहीत, तारखेसह, नीट लिहिलेल्या असायला हव्यात. हे कसे करायचे, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

कोणत्या कागदावर काय जाते

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जाण्यासाठी यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते: गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. त्यात उत्तीर्ण झालेल्यांना एसएसबीसमोर बोलावतात. तिथेही ९०० गुण असतात. दोन्हींची बेरीज करून गुणवत्ता यादी लागते. मुलाखतीचे वजन लेखीइतकेच आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ठाऊकच नसते.

या वाटेवर माहिती तीन ठिकाणी द्यावी लागते.

पहिले ठिकाण यूपीएससीचा ऑनलाइन अर्ज. त्यात नाव, जन्मतारीख, शिक्षण, पत्ता, परीक्षा केंद्र आणि सेनादलांचा पसंतीक्रम असतो. मैदानावरच्या पदकांना तिथे जागा नसते. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस दिले जातात. ते नाव, तारीख, फोटो अशा चुकांसाठी आहेत. त्या वर्षीच्या जाहिरातीत त्यांच्या तारखा छापलेल्या असतात, त्या पाहून ठेवा. पदक मिळाले म्हणून यूपीएससीला पत्र किंवा मेल पाठवू नका. त्याचा उपयोग शून्य.

दुसरे ठिकाण लेखी निकालानंतरची नोंदणी. ज्यांची पहिली पसंती भूदल आहे, त्यांनी निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत 'जॉइन इंडियन आर्मी' या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे असते. आधी नोंदणी केलेली असेल तर पुन्हा करावी लागत नाही. लेखी पास झाल्याच्या आनंदात पेढे वाटता वाटता हे दोन आठवडे निघून जातात. पत्ता बदलला असेल, तर तो कळवण्याचे कामही याच काळात करायचे.

तिसरे ठिकाण पीआयक्यू, म्हणजे स्वतःविषयीच्या माहितीची प्रश्नावली. आपल्या विषयाचे मर्म इथे आहे.

पीआयक्यू: दोन पानांत तुमचे आयुष्य

एसएसबीची निवड साधारण पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून त्यावर गटात चर्चा. यात जे टिकतात ते पुढे मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्ये आणि वैयक्तिक मुलाखत देतात. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. मानसशास्त्रज्ञ, गट चाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी अशा तिघांच्या नजरेतून तुम्ही जाता. मनसा, वाचा, कर्मणा असे या पद्धतीचे सूत्र सांगितले जाते. तुम्ही जे विचार करता, जे बोलता आणि जे करता, त्या तिन्हींचा मेळ बसतो का, हे तिथे पाहतात.

या मेळाचा पहिला कागद म्हणजे पीआयक्यू. तो बहुधा बोर्डावरच भरून घेतात. काही वेळा बोलावणीपत्रासोबतच भरून आणायला सांगतात. तुमच्या पत्रात जे लिहिले असेल ते अंतिम माना. त्यात आईवडील आणि भावंडांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न असते. तुम्ही राहता त्या गावाची लोकसंख्या विचारतात. दहावीपासूनचे गुण असतात. त्यापुढे आपल्या कामाचे रकाने येतात: एनसीसीचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे, खेळ, छंद, अभ्यासेतर उपक्रम, आणि कोणती जबाबदारी किंवा पद सांभाळले ते. प्रत्येक ठिकाणी किती काळ केले आणि विशेष यश काय, असे दोन उपप्रश्न असतातच. याआधी किती वेळा एसएसबी दिली, तेही विचारतात.

हा फॉर्म भरण्याच्या दिवसापर्यंतची तुमची माहिती मागतो. म्हणून जूनमध्ये अर्ज करताना नसलेले, पण ऑक्टोबरमध्ये मिळालेले पदक डिसेंबरच्या पीआयक्यूत हक्काने लिहायचे. आपण ज्याला माहिती अद्ययावत करणे म्हणतो, त्याची सोय या पद्धतीतच करून ठेवलेली आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. मोबाइलवर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट अकादमीत जाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ आपली मुले पाहतात. तिथल्या प्रवेशप्रक्रियेत खेळ, नेतृत्व, समाजकार्य यांची नोंद अर्जातच होते, तिचे मूल्यमापन होते आणि अर्जानंतर मिळालेले यश कळवत राहावे लागते. आपल्याकडची रीत वेगळी आहे. एनडीएच्या गुणवत्ता यादीत पदकाला किंवा प्रमाणपत्राला वेगळे गुण नाहीत. अग्निवीर भरतीत एनसीसी प्रमाणपत्राला अधिकचे गुण मिळतात, तसे इथे नाही. इथे गुण मिळतात ते त्या पदकामागच्या माणसाला. पदक कसे मिळाले, हरलात तेव्हा काय केले, संघात भांडण झाले तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात, हे मुलाखतीत निघते, आणि या प्रश्नांची सुरुवात पीआयक्यूतल्या त्या एका ओळीपासून होते.

मधले महिने मोकळे नसतात

वर्षातल्या दुसऱ्या परीक्षेचा अर्ज साधारण मे-जूनमध्ये भरतात, लेखी सप्टेंबरमध्ये होते आणि मुलाखती थंडीत किंवा त्यानंतर. म्हणजे अर्ज आणि मुलाखत यांत सहा-सात महिने जातात. शालेय क्रीडा स्पर्धांचा सगळा हंगाम नेमका याच काळात येतो: आधी तालुका, मग बुलढाण्याला जिल्हा, मग अमरावती विभाग आणि त्यापुढे राज्य. पहिल्या परीक्षेचा अर्ज डिसेंबरच्या सुमारास, लेखी एप्रिलमध्ये आणि मुलाखती पावसाळ्यात किंवा नंतर. त्या काळात बारावीची बोर्डाची परीक्षा होते, निकाल लागतो, शाळा सुटून कॉलेज सुरू होते.

एवढ्या अवधीत माणसाचे चित्र किती बदलू शकते, त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बुलढाण्याचा धनुर्धर प्रथमेश जवकार याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत तेव्हाचा जगातला अव्वल खेळाडू माइक श्लोसर याला १४९-१४८ असे हरवून वैयक्तिक सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता. त्या वर्षीच्या जानेवारीत लिहिलेल्या कागदावर यातले काहीच आले नसते. प्रत्येकाच्या वाट्याला विश्वचषक येत नाही. पण तालुक्याच्या मैदानावरही सहा महिन्यांत बरेच घडते, आणि ते लिहून ठेवले नाही तर विसरायला होते.

म्हणून अर्ज भरल्यावर 'आता फक्त अभ्यास' असे म्हणून मैदान सोडू नका. गणिताला वेळ लागतो, मान्य. तरीही रोजचा तासभर खेळ, आठवड्यातली एनसीसीची परेड, महिन्यातून एखादी वक्तृत्व स्पर्धा हे चालू ठेवा. मुलाखतीत "सध्या खेळता का?" असे हमखास विचारतात. "दहावीपर्यंत खेळायचो" हे उत्तर जड जाते.

एक वही आजच करा

शंभर पानी साधी वही पुरेशी आहे. तिचे पाच भाग करा: खेळ, एनसीसी किंवा स्काउट-गाइड किंवा एनएसएस, स्पर्धा आणि उपक्रम, जबाबदाऱ्या, छंद. प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी त्याच दिवशी लिहा.

१. तारीख आणि ठिकाण.
२. स्पर्धेचे किंवा शिबिराचे पूर्ण नाव आणि ते कोणी घेतले.
३. पातळी: शाळा, तालुका, जिल्हा, विभाग की राज्य.
४. माझे काम काय होते: खेळाडू, कर्णधार, राखीव, आयोजक.
५. निकाल. हरलो असू तर किती फरकाने, तेही.
६. प्रमाणपत्र मिळाले की यायचे आहे. आले असेल तर त्यावरचा क्रमांक.
७. या दिवशी काय शिकलो, दोन ओळी.

सातवी नोंद सगळ्यांत महत्त्वाची. सहा महिन्यांनी मुलाखतीत अधिकारी विचारतात, "अंतिम सामना का हरलात?" त्या वेळी वहीतली ती ओळ आठवते: 'उत्तरार्धात आमची चढाई थकली, राखीव खेळाडूला मी उशिरा उतरवले.' असे उत्तर देणाऱ्या मुलाने आपल्या चुकीकडे डोळे उघडून पाहिले आहे, हे समोरच्याला लगेच कळते.

रकाना कसा भरावा

समजा देऊळगाव राजाचा बारावीतला मुलगा आहे. त्याने खेळाच्या रकान्यात लिहिले: 'कबड्डी, आवड आहे, शाळेत खेळतो.' या ओळीतून काहीच हाती लागत नाही. तोच मुलगा वही समोर ठेवून सराव करून गेला असता तर असे लिहिता आले असते: 'कबड्डी. आठवीपासून आजपर्यंत. शाळा, तालुका व जिल्हा पातळीवर प्रतिनिधित्व. यंदा जिल्ह्यात उपविजेता, संघाचा कर्णधार.' आता विचारायला चार प्रश्न तयार झाले, आणि चारही त्याच्या हक्काच्या मैदानातले.

फॉर्म साधारणपणे इंग्रजीत भरला जातो. म्हणून या ओळी घरीच इंग्रजीत लिहून पाहा, शिक्षकांकडून तपासून घ्या. रकाने छोटे असतात, अक्षर सुवाच्य हवे. बोर्डावर जाण्याच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर रकाने आखून पूर्ण पीआयक्यू दोनदा भरून बघा. गावाची लोकसंख्या, वडिलांचे उत्पन्न, भावंडांचे शिक्षण अशा साध्या गोष्टींवर मुले अडखळतात.

भरताना चार पथ्ये पाळा.

पहिले, तुम्ही सांगू शकाल तेवढेच लिहा. छंदात 'वाचन' लिहिले तर अलीकडे कोणते पुस्तक वाचले, कुणी लिहिले, त्यातले काय पटले नाही, हे प्रश्न येणार. 'पक्षिनिरीक्षण' लिहून लोणारला पाय ठेवलेला नसेल, तर अवघड होईल. लोणार सरोवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून तयार झाले आणि २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, एवढे तर जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला यायला हवे. पण छंद म्हणून लिहायचे असेल, तर तिथे पहाटे उभे राहून पाहिलेले चार पक्षी नावानिशी सांगता आले पाहिजेत.

दुसरे, अलीकडचे आधी लिहा. जागा कमी पडली तर पाचवीतली चित्रकला स्पर्धा सोडून द्या, या वर्षीचा कॅम्प ठेवा.

तिसरे, सहभाग आणि यश यांची गल्लत करू नका. राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीला गेलात आणि निवड झाली नाही, तर 'निवड चाचणीत सहभाग' असेच लिहा. 'राज्य खेळाडू' लिहू नका. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर उमेदवारी रद्द होऊ शकते, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जिथे शब्दाला जिवाची किंमत असते अशा नोकरीची सुरुवात खोट्या ओळीने करायची नसते.

चौथे, थांबलेल्या गोष्टीपुढे 'आजपर्यंत' लिहू नका. खो-खो दोन वर्षांपूर्वी सुटला असेल तर तेवढाच काळ लिहा. का सुटला, हे विचारतील. खरे कारण सांगा.

शेतातले काम कुठे लिहायचे?

आपल्या भागातल्या मुलांचा खरा सल इथे आहे. शहरातल्या मुलाकडे पोहण्याचे, गिटारचे, गिर्यारोहणाचे कागद असतात. मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या मुलाने सोयाबीन सोंगणीला मजूर लावले, कापूस वेचून जिनिंगला नेला, रात्रीच्या लाइटीला पाणी दिले. त्याचे प्रमाणपत्र कोण देणार?

कागद नसला तरी हे कर्तृत्वच आहे. पीआयक्यूत वडिलांचा व्यवसाय शेती असे येते, आणि मुलाखतीत "घरी काय मदत करता?" हा प्रश्न येतो. तिथे मोघम 'बाबांना मदत करतो' असे म्हणू नका. "मागच्या सोंगणीला पाऊस येणार म्हणून दोन दिवसांत चार एकर उरकायचे होते. मजूर मिळेनात. मी शेजारच्या तिघांशी बोलून पैऱ्याने काम लावले" असे खरे घडलेले सांगा. नियोजन, माणसे जोडणे, अडचणीत मार्ग काढणे हे गुण एसएसबी शोधत असलेल्या पंधरा अधिकारीगुणांतच मोडतात. वहीच्या 'जबाबदाऱ्या' या भागात हे तारखेसह लिहून ठेवा.

गावातली सार्वजनिक कामेही तशीच. गणेश मंडळाचा हिशेब ठेवला, शेगावच्या उत्सवात सेवा दिली, १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सवात स्वयंसेवक म्हणून उभे राहिलात, गावच्या वाचनालयाची पुस्तके लावली: हे अभ्यासेतर उपक्रमच आहेत. किती दिवस केले, नेमके काय केले आणि हाताखाली किती जण होते, एवढे सांगता आले की पुरे.

कागदपत्रांची दुखणी

पदक मिळते त्या दिवशी फोटो निघतो. प्रमाणपत्र मात्र शाळेच्या कपाटात पडून राहते. ते आठवडाभरात हातात घ्या आणि तिथेच उभे राहून तपासा. नावाची स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे का? आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले असते. जन्मतारीख बरोबर आहे का? सही, शिक्का, क्रमांक आहे का? चूक दिसली तर लगेच शाळेमार्फत दुरुस्त करून घ्या. वर्ष उलटल्यावर शिक्षकांची बदली झालेली असते, संघ बदललेला असतो, आणि तुम्ही कोण हे सांगण्यातच दिवस जातो.

याच प्रमाणपत्रांचा दुसरा उपयोगही लक्षात ठेवा. दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठीचे प्रस्ताव शाळेमार्फत ठरलेल्या मुदतीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जावे लागतात.

मूळ प्रमाणपत्रांची एक फाइल करा. त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा. मुलाखतीला जाताना बोलावणीपत्रातली यादी काटेकोर पाळा: दहावीचे प्रमाणपत्र, कारण जन्मतारखेचा पुरावा म्हणून तेच चालते, बारावीची गुणपत्रिका किंवा शिकत असाल तर बोनाफाइड, ओळखपत्र, फोटो. त्यापुढे एनसीसी आणि खेळाची प्रमाणपत्रे. आपल्या भागातली मुले भोपाळच्या बोर्डाला जाताना मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून भुसावळ गाठतात आणि तिथे गाडी बदलतात. त्या गर्दीत मूळ कागदांची फाइल मोठ्या बॅगेत न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. एनडीएच्या निवडीसाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडे मिळते, म्हणून तिकीटही जपा.

आणखी एक दुखणे फार सतावते. गावातला अर्ज बहुतेक वेळा सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो. घाईत तिथल्याच माणसाचा ईमेल नाही तर त्याने नव्याने काढलेला, पासवर्ड कुणालाच आठवत नाही असा ईमेल टाकला जातो. पुढे एसएसबीच्या तारखेचा मेल त्यावर येतो. अर्जातला ईमेल आणि मोबाइल क्रमांक तुमचाच हवा, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर हवा, आणि लेखी निकालानंतर तो मेल रोज उघडायला हवा.

फॉर्म हातातून गेल्यावर

पीआयक्यू देऊन झाला आणि रात्री बराकीत आठवले की एनसीसीचा एक कॅम्प लिहायचाच राहिला. घाबरू नका आणि फॉर्म परत मागत फिरू नका. मुलाखतीत त्या विषयावर प्रश्न आला की सरळ सांगा: "सर, फॉर्ममध्ये एक नोंद राहून गेली, मी अमुक कॅम्पही केला आहे." चुकीचे वर्ष लिहिले गेले असेल तर तेही स्वतःहून सांगा.

मुलाखत होऊन गेली आणि मग पदक मिळाले, तर त्या निवडीपुरता त्याचा उपयोग नाही. बोर्डाने गुण दिलेले असतात, यादी लेखी आणि मुलाखत यांच्या बेरजेवर लागते. पत्र पाठवणे, ओळखी काढणे यात पडू नका. ती नोंद वहीत करा.

निवड झाली नाही तर पुढच्या वेळी नवा पीआयक्यू भरावा लागतो. जुन्या मुलाखती त्यात प्रामाणिकपणे लिहायच्या असतात. मग अधिकारी विचारतात, "मागच्या वेळेपासून आतापर्यंत तुमच्यात काय बदलले?" या प्रश्नाला उत्तर देणारा एकच पुरावा असतो, मधल्या महिन्यांतल्या नोंदी. दोन्ही वेळचा फॉर्म शब्दन् शब्द सारखाच असेल, तर सहा महिने काय केले याचे उत्तर त्या कागदानेच दिलेले असते.

मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएची दारे मुलींना उघडली. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली खडकवासल्याच्या संचलन मैदानावरून पदवी घेऊन बाहेर पडल्या. वाट आता उघडी आहे, पण आपल्याकडे दहावी झाली की मुलीचे मैदान बंद होते. संध्याकाळी सरावाला पाठवत नाहीत, बाहेरगावच्या कॅम्पला 'कशाला' म्हणतात. मग अर्ज करताना तिच्या गणितात कमी नसते, रकाने मात्र रिकामे असतात. पालकांना कळकळीने सांगतो, मुलीचा सराव सुरू ठेवा, कॅम्पला जाऊ द्या. जिजाऊंच्या जन्मगावच्या जिल्ह्यात तरी या गोष्टीसाठी मुलीला हट्ट करावा लागू नये.

दहावीतल्यांनी आणि मुलाखतीला बोलावणे आलेल्यांनी

दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था ध्यानात ठेवा. राज्य शासनाने ती १९७७ मध्ये सुरू केली. अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था २०२३ पासून सुरू झाली आहे. निवडीत लेखी परीक्षेसोबत मुलाखतही असते. म्हणून वही नववीपासूनच सुरू करणे चांगले.

लेखी उत्तीर्ण होऊन एसएसबीसाठी पात्र ठरलात की बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी एसएसबीची तयारी करून घेणारे छोटे वर्ग चालतात. निवास, भोजन आणि प्रशिक्षण निःशुल्क असते. त्याची माहिती आणि अर्ज या कार्यालयामार्फत मिळतात. खासगी क्लासची फी भरण्याआधी ही पायरी चढा. खामगावला एनसीसीची १३ महाराष्ट्र बटालियन आहे. तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर तिथल्या एनसीसी अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र परीक्षेच्या आणि कॅम्पच्या तारखा वेळेत विचारून घ्या.

मुलांनो, मुलींनो, अर्ज भरल्याची पावती फाइलला लावून निवांत बसू नका. आज रात्री जेवण झाल्यावर वही काढा. गेल्या वर्षभरात काय केले ते आठवून, तारखा आईला, सरांना, मित्रांना विचारून पाच नोंदी करा. उद्या शाळेच्या कार्यालयात जाऊन अडकलेले प्रमाणपत्र मागा. आणि संध्याकाळी मैदानावर जा, म्हणजे सहावी नोंद करता येईल.